डन्स्टनचं बारसं

बारशाला सात महिने उशीर झाला होता आणि घाई मात्र चार दिवसांची होती. हौशीरामचा मुलगा ऋषी, सून आरती आणि बाळ सोमवारी इंग्लंडहून अवसरीत आले. शुक्रवारी पहाटे त्यांचं परतीचं विमान. मधला गुरुवार लंकाबाईनं पंचांग बघून काढला. हौशीरामला कुणी काही विचारलं नाही. बायको मंगल गेल्यापासून घरात काय कधी करायचं हे त्याला कुणी विचारत नव्हतं, आणि त्यालाही ते बरं वाटत होतं.

बुधवारी दुपारी जेवणं झाल्यावर सगळे ओसरीवर बसले. लंकाबाई ही हौशीरामची थोरली बहीण, जुन्नरकडं दिलेली, आता पंच्याहत्तरीला आलेली. ती खांबाला टेकून सुपारी कातरत होती. भरत पायरीवर बसून मोबाइल बघत होता. भरत हौशीरामच्या वारलेल्या भावाचा मुलगा. मंगलला अग्नी त्यानं दिला, कारण पोटचा मुलगा तेव्हा इंग्लंडात होता. आत आरती बाळाला साडीच्या झोळीत झोका देत होती. झोळीची कडी कुरकुरत होती, ती थांबली की बाळ कुरकुरायचं.

उज्ज्वला सकाळीच लोणीहून आली होती. ऋषीची ही एकुलती बहीण, त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आल्यापासून ती आरतीशी बोलली, आत्याशी बोलली, भरतशीसुद्धा बोलली. ऋषीला मात्र तिनं "आलास का" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघरात गेली. आता तिनं पिशवीतून लाल झबलं काढलं आणि मांडीवर उलगडून सारखं केलं. त्याच्यावर पिवळ्या दोऱ्यानं अक्षरं भरलेली होती.

"वाच," ती भरतला म्हणाली.

"मंगेश."

"आईचं नाव राहील घरात. उद्या कानात हेच सांगणार हाय मी."

लंकाबाईनं मान डोलवली. हौशीरामला वाटलं, बरं झालं. नाव घ्यायला एक माणूस मिळेल. रोज तोंडात येणारा शब्द गेले सात महिने तोंडातच राहत होता.

ऋषी झबल्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, नाव ठेवलंय आधीच. तिकडं बेचाळीस दिवसांत नोंदवावं लागतं. पासपोर्टपण त्याच नावाचा आहे."

"काय ठेवलंय?"

"डन्स्टन."

लंकाबाईनं कान पुढं केला. "काय म्हनला?"

"डन्स्टन, आत्या."

"आगं बया. माणसाचं हाय का औषधाचं?"

"फवारणीचं वाटतंय," भरत म्हणाला. "बटाट्याच्या करप्यावर. एकरी दोन पुड्या डन्स्टन."

लंकाबाई तोंडावर पदर धरून हसली. हौशीरामच्या ओठावरही हसू आलं होतं, पण त्यानं उज्ज्वलाकडं बघितलं आणि ते परत गेलं.

"ते कागदावर असू दे," उज्ज्वला म्हणाली. "घरात हाक मारायला काय?"

"तेच."

"तेच? कुणाचं हाय हे? तुझ्या सायबाचं?"

"कुणाचंच न्हाई."

"धरम बदलला का रं?" लंकाबाईनं हळूच विचारलं.

"न्हाई आत्या. काय बोलताय."

"मग कशापायी?"

ऋषीनं मान खाली घातली. लहानपणीही तो असाच होता. चूक केली असो नसो, खाली बघायचा आणि पायाच्या अंगठ्यानं शेणाची जमीन उकरायचा. आता खाली फरशी होती, तरी अंगठा हलत होता.

भरतनं मोबाइलवर काहीतरी दाबलं. "थांबा, सगळं असतं हितं. नावाची अख्खी कुंडली." त्यानं डोळे बारीक केले आणि शाळेतला धडा वाचावा तसं वाचायला लागला. "मुलाचं नाव. मूळ, जुनी इंग्रजी भाषा. लोकप्रियता... लोकप्रियता लई कमी. पयल्या हजार नावांत न्हाई. आता ठेवणारं जवळजवळ कुणीच न्हाई म्हणतंय."

"म्हंजे त्या लोकांनी पण टाकून दिलेलं," उज्ज्वला म्हणाली. "टाकलेलं उचलून आणलंस, भावा."

ऋषीनं एकदम वर बघितलं.

"ऐका पुढं. हजार वर्षांमागं या नावाचा एक साधू होऊन गेला. लोहारकाम करायचा. एकदा सैतान त्याला छळायला आला, तर त्यानं तापलेल्या सांडशीनं त्याचं नाक धरलं."

"नाक?" लंकाबाईनं विचारलं.

"नाक."

"बरं केलं."

"दाराला घोड्याची नाल ठोकत्यात, ती म्हणे या बाबाच्या गोष्टीतनं आली."

सगळ्यांनी दाराकडं बघितलं. चौकटीवर नाल होती, गंजून लाकडाच्याच रंगाची झालेली. "ती आमच्या बाच्या बानं ठोकलीया," लंकाबाई म्हणाली. "रखमाजी बाबानं. त्याला कुठला आलाय विंग्रज साधू."

आता वातावरण जरा हललं असं हौशीरामला वाटलं. भरत एकदा हसायला लागला की भांडण करायचं विसरतो. तो पुढं वाचत होता. "आणि अर्थ... दोन शब्द हायेत. पयल्याचा अर्थ काळपट, न्हाईतर डोंगर, दोन्ही सांगत्यात. दुसऱ्याचा अर्थ दगड." तो मोठ्यानं हसला. "दगड! काळा दगड. ऋष्या, येवढा समुद्र ओलांडून गेलास आणि पोराला दगड म्हणतोस व्हय रं."

लंकाबाईचा अडकित्ता थांबला. सुपारीचं अर्धं खांड पात्यात तसंच राहिलं. तिनं हौशीरामकडं बघितलं आणि हौशीरामनं तिच्याकडं.

ऋषीच्या आधी मंगलला दोन मुलगे झाले होते. एक आठव्या दिवशी गेला. दुसरा सव्वा वर्षाचा होऊन, चालायला लागून गेला. उज्ज्वला तेवढी राहिली. मग ऋषी झाला, तेव्हा बाराव्या दिवशी घरात पाळणा बांधला नाही. मंगलनं पोर पाटीत घातलं, खालच्या शेताच्या बांधावर म्हसोबा आहे तिथं नेलं, शेंदरी दगडाशेजारी पाटी ठेवली आणि मागं न बघता घरी आली. मागून लंकाबाई पाटी घेऊन आली. दारात हौशीरामच्या आईनं, चिमाबाईनं विचारलं, "काय आणलं गं?" लंकाबाई म्हणाली, "बांधावर दगड सापडला." यावर पोराच्या आईनं म्हणायचं असतं, "आण आत." मंगलच्या तोंडून शब्द फुटेना. दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. शेवटी चिमाबाईच म्हणाली, "आण बाई, आण."

चार वर्षं घरात दगडूच होता. अंगणवाडीत घालायच्या वेळी म्हसोबाला नारळ फोडला आणि ऋषी नाव लावलं. त्यानंतर ते आधीचं नाव घरात कुणी काढलं नाही. नाव का ठेवलं ते कधी बोलायचं नसतं. पोरं नेणारं जे काय आहे, ते दारावरून जाताना हाका ऐकतं. दगडाला हाक मारतात असं ऐकून पुढं जातं. का मारतात ते सांगितलं की तेही त्याला ऐकू जातं. ज्याचं नाव ठेवलं त्यालाही सांगत नाहीत. ऋषीला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला आठवण असायचं कारण नव्हतं.

मग सांगितलं कुणी?

हौशीरामला ती दुपार आठवली. मंगलचा आजार शेवटच्या महिन्यात होता. खाटेवरून उठवत नव्हतं. इंग्लंडहून फोन आला होता, की आरतीला दिवस भरायच्या आधीच झालंय, पोर किलोचंही नाही, काचेच्या पेटीत ठेवलंय. मंगलनं फोन मागितला आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. सुनेची बाळंतपणाची गोष्ट, बाईमाणसाचं बोलणं असेल, असं समजून तो ओट्यावर येऊन बसला. आतून एकच वाक्य कानावर पडलं होतं. "का ते कुणाला सांगू नको हां." त्याला वाटलं, आपल्या दुखण्याचं सांगतेय.

त्यानं ऋषीकडं बघितलं. ऋषी खालीच बघत होता. मंगलनं सांगितलं असेल, दगडू ठेव. आणि पोरगा त्या दवाखान्यात बसून, तिथल्या माणसांत चालेल असा दगड शोधत बसला असेल.

"आईला अग्नी द्यायला आला न्हाईस," उज्ज्वला म्हणत होती. आवाज चढलेला नव्हता. मोठ्यानं बोलली असती तर बरं झालं असतं. "म्हटलं, जाऊ दे. आता तिचं नाव घरात राहावं म्हणून मी आठ दिवस डोकं शिणवलं, तर तुला ते पण नको."

"तसं न्हाई, ताई."

"मग कसं?"

"काकूनं मला पोटभर भाकरी खाऊ घातलीय," भरत म्हणाला. त्याचं हसू गेलं होतं. "अग्नी देताना मला काय जड झालं न्हाई. पण अजून लोक विचारत्यात, पोरगा न्हाई का आला? काय सांगायचं? तुमच्या तिकडं माणसं मेल्यावर सुट्टी देत न्हाईत का?"

आरती बाळाला कडेवर घेऊन दारात आली. "भरतभाऊ, तुम्हाला माहीत नाही. ह्यांनी..."

"आरती," ऋषी म्हणाला. "नको."

"का नको? सगळं तुम्हीच ऐकून घ्यायचं का?"

"नको म्हटलं ना."

आरतीनं हौशीरामकडं बघितलं. एकदाच, क्षणभर. हौशीरामनं नजर झबल्यावर नेली.

लंकाबाईनं अडकित्ता खाली ठेवला. "पुरं झालं. नाव चांगलं हाय."

"आत्या?"

"चांगलं हाय म्हनते मी. उद्या तेच सांगायचं."

"सकाळी तूच म्हनलीस ना, मंगेश झाक हाय म्हणून? मघाशी तूच हसलीस ना?"

"हसले असंल. आता हे म्हनते. त्याला इचारू नको काय. माझ्या गळ्याची आण हाय तुला."

उज्ज्वला तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं झबल्याची घडी घातली. बाही आत, दुसरी बाही आत, मधून दुमड. पिशवीत ठेवलं. "मग तुमीच सांगा कानात. आत्या लागती म्हणून मला बोलवलंत ना? गावात आत्या म्हणवणाऱ्या लई हायेत. साडेतीनची गाडी हाय मला."

हौशीरामला लेक ठाऊक होती. मंगलही अशीच होती. एकदा पाऊल उचललं की मागं घ्यायची नाही. ही आज गेली तर ऋषी परत येईल तेव्हा येणार नाही, आणि हौशीराम गेला तर त्याच्या दहाव्याला दोघं दोन कोपऱ्यांत बसतील. पोराच्या नावाचं सांगता येत नव्हतं. ते मंगलनं बांधून ठेवलं होतं. पण दुसरं एक होतं, ते कुणी बांधलेलं नव्हतं. ते त्यानं स्वतःच दाबून ठेवलं होतं.

"उजा, बस," तो म्हणाला.

"गाडी जाईल, आबा."

"जाऊ दे. बस." त्यानं घसा साफ केला. "त्याला येऊ नको मी म्हनलो."

उज्ज्वला उभीच राहिली.

"मंगळवार व्हता. दुपारी त्याचा फोन आला. म्हनला, आबा, रात्रीच्या विमानाचं तिकीट हाय, पण पोराचा श्वास सकाळपासनं दोनदा थांबला, काय करू. मी तुझ्या आईकडं बघितलं. तिला बोलता येत नव्हतं, पण डोळे उघडे व्हते. मी म्हनलो, तू तिथंच थांब. इथलं मी बघतो. गुरुवारी ती गेली."

"आबा, असू दे," ऋषी म्हणाला.

"तू गप. घाटावर तू म्हनलीस, उजा, भावाला आईपेक्षा नोकरी मोठी झाली. चार माणसांत म्हनलीस. मी तिथंच उभा व्हतो. लाकडं रचत व्हते. मला वाटलं, घरी गेल्यावर सांगू. घरी आल्यावर वाटलं, दहावं होऊ दे. मग तेरावं. मग तू लोणीला गेलीस. मग लांबत गेलं."

"का पण?"

याचं उत्तर हौशीरामनं सात महिने शोधलं होतं. सापडलेलं सांगायला लाज वाटत होती. "ती गेली. त्यो तिकडं. तू एकलीच येऊन जाऊन व्हतीस. तुझी आई आणि त्याचं पोर यांत निवड मी केली असं कळल्यावर तू पण यायची थांबशील, असं वाटलं."

झोळीची कडी कुठून तरी वाजत होती. रिकामी झोळी वाऱ्यानं हलत असावी.

"भाऊबीजेला ह्याचा फोन आला," उज्ज्वला म्हणाली. ती ऋषीकडं बघत नव्हती, बापाकडंच बघत होती. "ताट करून बसलेवते मी. सवयीनं केलं व्हतं. फोन वाजला, वाजला, बंद झाला. मी उचलला न्हाई. ताटातला दिवा हातानं इझवला. ते तुमच्यामुळं, आबा."

"व्हय."

"आणि तू?" ती ऋषीकडं वळली. "तुला सांगता येत नव्हतं?"

"आबांनी सांगितलं नव्हतं," ऋषी म्हणाला. "म्हटलं, त्यांचं काहीतरी असेल."

उज्ज्वलानं पिशवी उचलली आणि ती पायऱ्या उतरून गेली. पण स्टँडच्या रस्त्याला लागली नाही. गोठ्यामागून खालच्या शेताकडं निघाली.

"उसाच्या कडंनं चाललीय," भरत उठत म्हणाला. "परवाच बिबट्याचे ठसे दिसलेत तिथं." त्यानं चप्पल अडकवली आणि धावत जाऊन ट्रॅक्टर चालू केला. फट्‌फट् आवाज करत तो तिच्या मागं, बऱ्याच अंतरानं, गेला.

ऋषी पायरीवर येऊन बापाशेजारी बसला. दोघं त्या आवाजाकडं कान देऊन होते.

"आईनं सांगितलं तुला?" हौशीरामनं विचारलं.

"काय?"

"काय न्हाई."

ऋषीनं होकारार्थी मान डोलवली. म्हणाला, "ती म्हणाली होती, घरी आलास की ताईच्या हातनं करून घे."

"मग आज येवढं ऐकून घेतलंस, तरी बोलला न्हाईस."

"पेटीतनं बाहेर काढलं त्याला, त्या दिवशी मी ठरवलं, आई जे म्हणाली त्यातलं एक अक्षर मोडायचं न्हाई." तो थांबला. "माझा विश्वास आहे का नाही, ते मला माहीत नाही, आबा. पण पोरगा जगला."

हौशीरामनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात ठेवायची सवय नव्हती, त्यामुळं तो कुठं ठेवावा ते कळेना. खांद्याखाली कुठंतरी ठेवला आणि तिथंच राहू दिला.

उज्ज्वला ऊन उतरायच्या आत परत आली. मागून भरतचा ट्रॅक्टर आला. काय बोलणं झालं, झालं का नाही, हे भरतनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. उज्ज्वलानं रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले. हौशीरामनं बघितलं, तिच्या उजव्या अंगठ्याला शेंदूर होता आणि तो धुऊन जात नव्हता. दगडू म्हणायचे तेव्हा ती आठ वर्षांची होती. त्या नावावरून चिडवलं म्हणून तिनं आळीतल्या एका पोराचं डोकं फोडलं होतं. तिला आठवायला कुणी सांगावं लागलं नाही.

ती आत गेली आणि आरतीसमोर मांडी घालून बसली. "दे इकडं."

आरतीनं बाळ दिलं. उज्ज्वलानं त्याला आडवं धरलं, मग उभं धरलं, मग त्याच्या तळपायावर बोट फिरवलं. "जन्मला तेव्हा किती भरला व्हता?"

"नऊशे ग्रॅम, ताई."

"किलोला पण कमी." तिनं पुढं काही विचारलं नाही. पिशवीतलं झबलं काढून तिनं आरतीच्या मांडीवर ठेवलं. "आता मोठं होईल त्याला. असू दे. थंडीपर्यंत येईल."

बापाशी मात्र ती त्या दिवशी बोलली नाही. ताट वाढलं, पाणी ठेवलं, बोलली नाही.

गुरुवारी सकाळी शेजारच्या बाया पाळणा सजवायला आल्या, तर लंकाबाईनं त्यांना सांगितलं, घुगऱ्या न्यायला दहा वाजता या, पाळणा बांधायचा नाही. का, हे त्यांनी विचारलं नाही. जुन्या होत्या, त्या एकमेकींकडं बघून गेल्या.

ऊन अंगणात आल्यावर आरतीनं बाळाला पाटीत ठेवलं. खाली गोधडी, वर मंगलच्या जुन्या लुगड्याची घडी. आरती जुन्नर गावातली, शिकलेली, तिकडं प्रयोगशाळेत काम करणारी. तिनं एकच विचारलं. "किती वेळ एकटा राहील?"

"तू दारात पोचशील तंवर," लंकाबाई म्हणाली. "मागं बघायचं न्हाई. रडला तरी न्हाई."

"आणि उसात ते..."

"मी हाय," भरत म्हणाला. तो पहाटेच शेतात जाऊन आला होता. "ट्रॅक्टर उसाच्या तोंडाशी लावतो, चालूच ठेवतो. हातात काठी हाय, खिशात फटाके हायेत. ऋष्याला घेतो बरोबर. त्यो पळायचा न्हाई ना तेवढं बघा."

"पळायला मी कुठं जातोय," ऋषी म्हणाला.

"तेच बघायचंय," भरत म्हणाला आणि त्याच्या हातात दुसरी काठी दिली.

हौशीराम दारातच थांबला. तिथून बांध दिसत नव्हता. गोठ्याचं छप्पर, त्यापलीकडं उसाचे तुरे आणि ट्रॅक्टरचा धूर, एवढंच दिसत होतं. चौतीस वर्षांपूर्वी इथं ज्वारी होती आणि दारातून बांध सरळ दिसायचा. मंगल मागं न बघता आली होती असं सगळे म्हणत. एकदा, पुष्कळ वर्षांनी, तिनं त्याला सांगितलं होतं की विहिरीपाशी आल्यावर तिनं वळून बघितलं होतं. ते तिला आयुष्यभर खात राहिलं. पोराला सर्दी झाली तरी ती म्हणायची, मी बघितलं ना.

आरती आली. तोंडावर पदर दाबलेला, पाय भराभर पडत होते, मान ताठ. हौशीरामच्या शेजारून ती आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. ट्रॅक्टरचा आवाज चालूच होता. लांबून बाळाचं रडणं ऐकू आलं, मग थांबलं. आरतीनं दोन्ही हातांनी गुडघे धरले.

मग गोठ्याच्या कडेनं उज्ज्वला दिसली. पाटी डोक्यावर नव्हती, पोटाशी धरलेली होती. तिचे ओठ हलत होते. मागं, पंधरावीस पावलांवर, ऋषी आणि भरत काठ्या घेऊन येत होते. दोघं एकमेकांशी काही बोलत नव्हते, पण पावलं सारखी पडत होती.

उज्ज्वला उंबऱ्याबाहेर थांबली.

लंकाबाई आतून पुढं आली. आता विचारायचं तिनं होतं. "काय आणलं गं?"

"बांधावर दगड सापडला," उज्ज्वला म्हणाली.

उत्तर पोराच्या आईनं द्यायचं असतं. लंकाबाईनं वळून आरतीकडं बघितलं. आरतीनं तोंड उघडलं, पण तिच्याच्यानं शब्द निघेना. तिनं मान हलवली आणि हौशीरामकडं बोट केलं.

उज्ज्वलाही त्याच्याकडं बघत होती. काल दुपारपासून तिनं बापाकडं बघितलं नव्हतं.

"काय आणलं गं?" लंकाबाईनं पुन्हा विचारलं.

"दगड, आबा," उज्ज्वला म्हणाली.

तिसऱ्यांदा विचारायची पाळी येऊ द्यायची नाही, असं हौशीरामनं ठरवलं. "आण आत," तो म्हणाला. मग पुढं बोलला, "घराच्या पायातला एक निघालाय. तिथं बसंल."

उज्ज्वलानं उंबरा ओलांडला. पाटी त्याच्या पायाशी ठेवली, बाळाला उचललं, आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन तिनं कुर्र केलं. मग नाव सांगितलं, डन्स्टन. एकदा, दोनदा, तीनदा. लंकाबाईनं रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपका घातला, मागून भरतनं घातला, आणि थोडं थांबून, हलक्या हातानं, ऋषीनं घातला.

नाव एकदाही अडखळलं नाही. बांधापासून दारापर्यंत ती ते घोकत आली होती.